दधीचं दही, बधिराचा बहिरा

नांदेडला एका दातांच्या दवाखान्यात मी आ करून बसलो होतो. "आता हिरडी बधिर करतो, मग काही कळायचं नाही," असं म्हणून डॉक्टरांनी सुई टोचली. थोड्या वेळात अर्धा गाल माझा राहिला नाही. खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता. तिथे एक पिवळी शाळेची गाडी येऊन थांबली. तिच्या पाठीवर ठळक अक्षरात रंगवलं होतं, 'निवासी मूकबधिर विद्यालय'. आत दहा-बारा मुलं एकाच वेळी बोलत होती. म्हणजे हात चालले होते, भुवया चढत-उतरत होत्या, एकाचं सांगून संपायच्या आत समोरचा पोट धरून हसत होता. काहीही न जाणवणारा गाल माझा होता आणि 'बधिर' हा शब्द मात्र त्या गाडीवर लिहिलेला होता.

तेव्हापासून तो शब्द डोक्यातून जाईना. त्याच्या मागे जाता जाता जे हाती लागत गेलं, त्यानं मी थक्क झालो.

'बधिर' हा शब्द ऋग्वेदात आहे, चौथ्या मंडलात. म्हणजे किमान तीन हजार वर्षांचा. तिथे ऋताचा घोष बधिर कानांनाही भेदून जातो, असं म्हटलं आहे. त्या ओळीत हे विशेषण माणसाला लावलेलं नाही, कानांना लावलेलं आहे. बधिर आहेत ते कान. माणूस त्या कानांच्या पलीकडे शाबूत आहे.

मग हा शब्द लोकांच्या तोंडून चालत निघाला. संस्कृतातला दोन स्वरांमधला 'ध' प्राकृतात आला की पुष्कळदा झिजून त्याचा 'ह' होतो. दधीचं दही असंच झालं. गोधूमाचा गहू असाच झाला. त्याच वाटेनं बधिराचा बहिर आणि बहिराचा आपला बहिरा झाला. दही आणि गहू ज्या घरात आहेत, त्याच घरातला हा शब्द. त्याच्या जन्मात कुठेही शिवी नाही.

शब्द शोधताना वाटेत सारख्या नावाची मंडळीही भेटतात. गावोगावच्या वेशीवरचा बहिरोबा बहिरा नाही, तो भैरव आहे. भैरवाचा बहिरव आणि बहिरवाचा बहिरोबा. बहिरी ससाण्याच्या कानांनाही काही झालेलं नाही. त्याचं नाव फारसीतल्या 'बहरी' या शब्दावरून आलं आणि त्याच्या मुळाशी समुद्र आहे. आपण मात्र ही नावं ऐकली की आधी कान बघतो.

लोकांच्या तोंडी बहिरा झाला तरी मूळ 'बधिर' मराठीत पोथ्यांच्या मार्गानं शिल्लक राहिला आणि त्यानं अर्थ पसरवला. पाय बधिर होतो, मन बधिर होतं, ऑपरेशनच्या आधी बधिरीकरण होतं. ज्याला काही जाणवत नाही ते बधिर, असा अर्थ बसला. म्हणूनच ऐकू न येणाऱ्या माणसाबद्दल बोलताना 'कर्ण' जोडून 'कर्णबधिर' म्हणावं लागतं. नुसतं बधिर म्हटलं तर सगळा माणूसच सुन्न ठरतो. सरकारी वाटणारा हा शब्द नकळत ऋग्वेदातल्या त्या ओळीपाशी परत गेला आहे: बधिर आहे तो कान.

आता नांदेडहून देगलूरकडे जाऊ. तिथल्या बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी उर्दू एकाच तराजूपाशी ऐकू येतात. तेलुगूत कानाला 'चेवी' म्हणतात आणि ऐकू न येणाऱ्याला 'चेविटी'. कन्नडात कान म्हणजे 'किवी' आणि ऐकू न येणारा 'किवुडा'. दोन्हीकडे शब्द कानातूनच उगवलेला आहे. 'कर्णबधिर' म्हणणारी मराठी धरली, तर एका बाजारात उभ्या असलेल्या तीन भाषांनी आपापल्या परीनं एकाच जागी बोट ठेवलं, कानावर. जिभेवर नाही आणि बुद्धीवर तर नाहीच.

जिभेवर बोट ठेवलं ते 'मूक' या शब्दानं, आणि खरी चूक तिथे झाली.

'मुका-बहिरा', 'मूकबधिर' ही जोडी आपल्या तोंडात इतकी बसली आहे की दोन्ही गोष्टी एकत्रच जन्माला येतात असं वाटतं. पण बहुतेक कर्णबधिर माणसांचं स्वरयंत्र, जीभ, टाळू, ओठ सगळं ठीक असतं. बोलणं हे कानानं शिकायचं काम आहे. लातूरच्या घरातलं लेकरू लातूरचं मराठी बोलतं, कारण ते रात्रंदिवस तेच ऐकतं. ऐकण्याची वाट बंद असली की आवाज असूनही त्या आवाजाला भाषेचा साचा मिळत नाही. कोणी खूप कष्टानं बोलायला शिकतात, कोणी लहानपणी ऐकत असतात आणि नंतर ऐकणं जातं, त्यांचं बोलणं टिकतं. या साऱ्यांना 'मूक' म्हणणं म्हणजे न पाहिलेल्या घराला कुलूप आहे असं सांगणं.

आणि भाषेची भूक तर कानावर अवलंबून नसतेच. कॅनडातल्या लॉरा पेटिटो यांनी १९९१ साली एक निरीक्षण प्रसिद्ध केलं. कर्णबधिर आईवडिलांच्या घरात, खुणांची भाषा बघत वाढणारी कर्णबधिर तान्ही मुलं हातांनी बोबडं बोलतात. आपलं बाळ जसं अर्थ नसताना 'बाबाबा', 'ममम' करतं, तशीच ती बाळं भाषेतल्या हस्तमुद्रांचे तुकडे पुन्हा पुन्हा करून बघतात. जीभ नाही तर बोटं. पण बडबड ठरलेल्या वयात सुरू होतेच. हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ स्वतःच्या हातांकडे बघत बसलो.

"ओठ बघून कळतं की त्यांना," असं आपण सहज म्हणतो. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता तीन शब्द म्हणून बघा: पाय, बाय, माय. ओठ तिन्ही वेळा तसेच मिटतात, तसेच उघडतात. बंद ओठांआड काय घडतं ते डोळ्यांना दिसत नाही. आपल्या मराठवाड्यात तर माय म्हणजे आई. समोरच्याच्या ओठांवरून आई आणि पाय वेगळे करायचे ते फक्त संदर्भावरून. हे अवघड काम जी माणसं दिवसभर करतात, त्यांना आपण मंद समजत आलो.

आदराचा प्रश्न शब्दकोशात सुटत नाही, तो व्याकरणात अडकलेला असतो. मराठीत तर फारच. आमच्याकडे लेकराला नपुंसकलिंग लावतात, "लेकरू रडतंय", "गुणाचं हाय", आणि त्यात माया असते. पण चाळीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप असलेला माणूस दिसला की "ते मुकं हाय, त्याला काय कळतंय" असं जेव्हा म्हटलं जातं, तेव्हा त्याचं माणूसपण त्या 'ते'नं आणि त्या अनुस्वारानं काढून घेतलेलं असतं. उलट घरातल्या थकल्या आजोबांबद्दल आपण काय म्हणतो? "आजोबांना कमी ऐकू येतं, जरा जवळ जाऊन बोला." क्रियापद आदराचं, आवाज मऊ, आणि सांगणं आपल्याला, की जवळ जा. आदराची भाषा आपल्याकडे नाही असं नाहीच. ती आपण म्हाताऱ्या कानांसाठी राखून ठेवली आणि जन्मापासूनच्या बहिऱ्या कानांना दिली नाही.

आणखी एक गाठ 'ऐकणं' या क्रियापदात आहे. मराठीत ऐकणं म्हणजे मानणंही. "पोरगं ऐकत नाही." "बहिरा झालास का रे?" हा प्रश्न कानाबद्दल नसतो, हट्टाबद्दल असतो. मोर्चातला फलक सरकारला आंधळं-बहिरं म्हणतो. रागाचं कारण खरं असतं. पण जे ऐकू येऊनही दुर्लक्ष करतात त्यांना नाव द्यायचं ते त्यांचं, ज्यांना ऐकू येत नाही म्हणून जे समोरच्याच्या चेहऱ्यावरची रेघनरेघ वाचतात? या वापराशी माझं मन आता जुळत नाही. त्यासाठी मराठीत 'कानाडोळा' हा नेमका शब्द आहेच.

मी हे दुसऱ्यांना सांगतो आहे, पण माझीही कथा वेगळी नाही. लातूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात गल्लीच्या टोकाला एक शिंपी होते. शाळेचा गणवेश तेच शिवायचे. सारं गाव त्यांना 'मुक्या' म्हणायचं, त्यांच्या घराला 'मुक्याचं घर', त्यांच्या आईला 'मुक्याची आई'. मीही म्हणायचो. त्यांचं नाव मला कळलं ते त्यांच्या लग्नाच्या पत्रिकेत. पत्रिका हातात घेऊन मी आईला विचारलं होतं, "हे कोण?"

नाव हरवण्याची सर्वांत मोठी गोष्ट मात्र आपल्याच मुलखातून गेली. लहान वयात समझोता एक्स्प्रेसमधून पाकिस्तानात पोचलेली एक कर्णबधिर मुलगी. लाहोरला सापडली, पुढे कराचीत एधी फाउंडेशनमध्ये वाढली. आधी तिला फातिमा म्हणत. ती हिंदू आहे हे लक्षात आल्यावर फाउंडेशनच्या बिल्किस एधींनी तिचं नाव गीता ठेवलं. २६ ऑक्टोबर २०१५ ला ती भारतात परतली आणि इंदूरला राहू लागली. तिच्याजवळ होत्या त्या आठवणी: रेल्वे स्टेशन, नदी. त्या आठवणींचा माग काढत डिसेंबर २०२० मध्ये तिच्यासोबत इंदूरची मंडळी गोदावरीकाठी आली, बासर, नांदेड, मग परभणी. मार्च २०२१ मध्ये बिल्किस एधींनी सांगितलं की तिची आई महाराष्ट्रात सापडली आहे आणि तिचं जन्माचं नाव राधा. फातिमा, गीता, राधा. या सगळ्या वर्षांत बातम्यांनी मात्र तिला एकाच नावानं ओळखलं, 'मूकबधिर मुलगी'. जी हातांनी आपलं स्टेशन सांगत होती, आपली नदी सांगत होती, तिला मूक म्हणत होते सगळे.

सरकारी पाट्याही बदलत आल्या आहेत. मुंबईत वांद्र्याला १९८३ साली एक राष्ट्रीय संस्था उभी राहिली, तिला अली यावर जंग यांचं नाव दिलं. हे गृहस्थ आपल्याला परके नाहीत. ज्या हैदराबाद संस्थानात १९४८ पर्यंत मराठवाडा होता, त्या हैदराबादचे ते, उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल. संस्थेच्या इंग्रजी नावात सुरुवातीला 'हिअरिंग हँडिकॅप्ड' असं होतं. आता तिथे 'वाणी आणि श्रवण दिव्यांगता' या अर्थाचे शब्द आले. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी 'दिव्यांग' शब्द सुचवला आणि अपंग, विकलांग मागे पडले. महाराष्ट्रानं तर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याण विभागच वेगळा केला. २०१६ चा कायदा आकड्यात बोलतो: दोन्ही कानांत ७० डेसिबल वा त्याहून अधिक घट असेल तर बहिरेपण, ६० ते ७० असेल तर ऐकण्यास कमी. आपलं साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं, आणि या मोजणीत दहाची एक पायरी चढली की आवाजाची तीव्रता दहापट होते. म्हणजे ६० आणि ७० मधली ती छोटीशी फट दिसते तेवढी छोटी नाही.

पण ज्यांच्याबद्दल हे सगळं चाललं आहे, त्यांना काय हवं? इथे मला सर्वांत मोठा धक्का बसला. ऐकणाऱ्यांना वाटतं, 'बहिरा' कठोर, 'श्रवणबाधित' सभ्य. कर्णबधिरांच्या जागतिक संघटनेनं १९९१ साली ऐकण्यास कमी असलेल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेशी मिळून नेमकं उलटं ठरवलं. इंग्रजीतला तो सभ्य 'हिअरिंग इम्पेअर्ड' नको, सरळ 'डेफ' म्हणा. 'बाधित' म्हटलं की मोजपट्टी ऐकणाऱ्याची होते, मग समोरचा कायम अपुरा. 'डेफ' म्हटलं की तो एक असण्याचा प्रकार होतो, आपली भाषा, आपली माणसं, आपले विनोद असलेला. भारतातल्या खुणांच्या भाषेच्या पहिल्या अभ्यासकांपैकी मदन वसिष्ठ हिमाचलचे. अकराव्या वर्षी त्यांचं ऐकणं गेलं. आपल्या आठवणींच्या पुस्तकाला २००६ साली त्यांनी नाव दिलं 'डेफ इन दिल्ली'. अभिमानानं, मुखपृष्ठावर.

मराठीत हे जसंच्या तसं चालेल असं मला वाटत नाही. 'बहिरा' या शब्दाला आपण इतक्या वर्षांत इतके टोमणे चिकटवले आहेत की तो धुवून काढायला वेळ लागेल. लिहिताना 'कर्णबधिर' चांगला, कारण तो कानापाशी थांबतो. 'मूक' मात्र आजच काढून टाकावा, शाळेच्या पाटीवरूनही. आणि बोलताना सर्वांत चांगला शब्द म्हणजे त्या माणसाचं नाव, मागे आदराचं क्रियापद.

आता त्या हातांकडे येऊ, ज्यांच्यामुळे 'मूक' खोटा ठरतो.

खुणांची भाषा म्हणजे मराठीचं हातवाऱ्यातलं भाषांतर नाही. तिला स्वतःचं व्याकरण आहे, आणि ते चेहऱ्यावरही चालतं. भुवया, डोळे, मानेची हालचाल हे तिथले विभक्ती-प्रत्ययच समजा. भारतीय सांकेतिक भाषेत पुरुष दाखवायचा तर बोटांनी मिशीची जागा, बाई दाखवायची तर नाकाच्या पाकळीवर बोट, जिथे आपल्याकडे मोरणी किंवा नथ असते. प्रश्नाचा शब्द वाक्याच्या शेवटी येतो. तुमचं नाव काय, हा आपला क्रम तिथे सहज बसतो. एकाच प्रश्नखुणेतून 'चेहरा' जोडला की कोण, 'जागा' जोडली की कुठे. एवढ्या कमी सामानात एवढा मोठा संसार.

उल्रिके झेशान या जर्मन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी दिल्ली आणि कराचीतल्या कर्णबधिरांची भाषा अभ्यासली आणि त्यांना दोन्हीकडे व्याकरण एकच आढळलं. फाळणीनं दोन देश वेगळे पाडले, यांच्या हातांना ती रेघ दिसली नाही. देगलूर ओलांडलं की आपली मराठी अडखळते. नांदेडच्या आणि निजामाबादच्या कर्णबधिर मित्रांच्या गप्पा एखाद-दुसरा शब्द वेगळा निघाला तरी त्याच वेगानं चालू राहतात. त्यांना अडवतो तो अंधार. मराठवाड्यात लोडशेडिंग नवं नाही. दिवे गेले की आपण अंधारात बोलत बसतो, त्यांचं वाक्य अर्ध्यावर तुटतं. म्हणून त्यांच्याशी बोलताना उजेडात उभं राहायचं, चेहऱ्यावर हात न घेता. लक्ष वेधायला ओरडायचं नाही, खांद्यावर हलकेच हात ठेवायचा किंवा दिवा एकदा बंद-चालू करायचा. सोबत दुभाषी असला तरी नजर त्या माणसाकडे ठेवायची, दुभाष्याकडे नाही.

ही भाषा बहुतेकांना आईकडून मिळत नाही, कारण बहुतेक कर्णबधिर मुलांचे आईवडील ऐकणारे असतात. ती मिळते शाळेत, वसतिगृहात, मोठ्या मुलांकडून. मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वात १९७० च्या दशकाच्या अखेरीस कर्णबधिर मुलांसाठी शाळा उघडली. तोवर ती मुलं घराघरात एकेकटी होती. शाळेत एकत्र आली आणि मैदानात, बसमध्ये, कोणीही न शिकवता त्यांनी एक नवी भाषा घडवली. भाषाशास्त्रज्ञ जाऊन पोचले तेव्हा ती त्यांच्या डोळ्यांदेखत वाढत होती. आपल्याकडे दिल्लीत २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषेची राष्ट्रीय संस्था निघाली. तिच्या कोशात २०१८ साली ३००० शब्द होते, २०२१ साली १०,००० झाले. मी लातूरच्या रस्त्यावरून जाताना ज्या 'निवासी' पाट्या बघतो, त्यांतला 'निवासी' हा शब्द आता मला वेगळा दिसतो. तिथे भाषा राहायला असते.

आणि या भाषेत नावं असतात. खुणेची नावं. अक्षरं बोटांनी लिहून दाखवण्याऐवजी मंडळी प्रत्येकाला एक खूण देतात, गालावरची खळी, कपाळावरचा व्रण, चष्मा, एखादी सवय. आपल्यात "ए चष्मेवाल्या" म्हटलं तर राग येईल. त्यांच्यात ती खूण मिळणं म्हणजे आपल्यांत घेतलं जाणं, कारण तुमच्याकडे कोणीतरी नीट बघितल्याशिवाय ती मिळतच नाही.

काही वर्षांपूर्वी लातूरच्या बसस्टँडवर संध्याकाळी दिव्याखाली पाच-सहा माणसांचा घोळका उभा दिसला. हात जोरात चालले होते. लांबून येणाऱ्या एका मित्रानं घोळक्यातल्या एकाला हाक मारली. दोन्ही हातांची बोटं गळ्याच्या दोन बाजूंनी छातीवर खाली ओढली, गळ्यात टेप अडकवल्यासारखी. घोळक्यातला तो माणूस वळला. ते आमच्या गावचे शिंपी होते, केस पिकलेले.

मला त्यांनी लगेच ओळखलं. मित्रानं स्वतःच्या चेहऱ्याभोवती बोट फिरवलं आणि तळहात उघडला. कोण? शिंपीमामा हसले. त्यांनी एका हातानं दुसऱ्या हाताची न दिसणारी बाही खाली ओढली, मनगटाच्या पुढे, बोटांच्याही पुढे. मी तिसरीत असताना आईनं सांगून वाढत्या अंगाचा शिवून घेतलेला शर्ट. मी त्यांना 'मुक्या' म्हणत होतो तेव्हापासून त्यांच्याकडे माझं हे नाव होतं.